दुधात पांढरं काय असतं

डेअरीच्या लॅबमध्ये माझ्या सगळ्या साड्यांना भोकं पडली. ॲसिडची. काचेच्या नळीत आधी ॲसिड घालायचं, मग दूध सोडायचं, वरून थोडं अल्कोहोल, बूच लावून हलवायचं आणि यंत्रात गरगर फिरवायला ठेवायचं. बाहेर काढलं की वर पिवळसर, आरपार दिसणारं फॅट तरंगत असे आणि खाली चॉकलेटी पाणी. फॅट किती ते वाचायचं, लिहायचं, नळी धुवायची. शेजारच्या टेबलावर लॅक्टोमीटर बुडवून बाकीचा ऐवज किती ते काढायचं. फॅट सोडून दुधात जे काही घन उरतं त्याला आम्ही एसएनएफ म्हणायचो. या दोन आकड्यांवर दूध पास किंवा नापास. आरे कॉलनीच्या झाडीतून बस खडखडत यायची, मी फाटकाशी उतरायचे, ॲप्रन चढवायचे आणि संध्याकाळपर्यंत दुधाचे तुकडे करायचे. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. गिरणी कामगाराच्या बीएस्सी झालेल्या मुलीला याहून बरी नोकरी कुठे मिळणार होती?

उन्हाळ्यात म्हशी आटायच्या. मग डेअरीत दूध जोडलं जायचं. दुधाची भुकटी, बटर ऑइल आणि पाणी एकत्र घुसळलं की झालं दूध. मी ते तपासायचे. आकडे बरोब्बर यायचे, खऱ्या दुधापेक्षाही बरोब्बर. चाळीतल्या बायका मला दारात अडवून विचारायच्या, अगो तुमच्या दुधावर हल्ली साय का धरत नाही, दही का असं पाणचट लागतं? "दुधाची तहान ताकावर भागवायची, तर आता ताकपण भुकटीचं," असं शेजारीण एकदा माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिला म्हटलं, "आकडे बरोबर आहेत. मग ते दूधच. तुमच्या जिभेला काय वाटतं ते सरकार मोजत नाही."

मी अशीच होते. "शेवटी काय, तर" हे माझं पालुपद. अंगारा म्हणजे शेवटी काय, तर राख. रडणं म्हणजे शेवटी काय, तर डोळ्यांतलं खारट पाणी. नवरा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तो मला चिडवायचा, "आमच्याकडे एक शेवटी-काय-बाई आहे. तिला सत्यनारायणाचा प्रसाद द्या, ती त्यातला रवा किती नि तूप किती ते सांगेल." मी सांगायचेही. मला त्यात मजा वाटायची. कशाचंही बूड गाठलं की ती गोष्ट आपल्या हातात आली असं वाटायचं.

लॅबचे साहेब वेगळेच होते. रिटायरमेंटला आलेले, पान खाणारे. आम्हा सगळ्यांना ते वेडसर वाटायचे. दुपारच्या चहाला ते कोडी घालायचे. एकदा दुधाचं भांडं माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बाई, यातला पांढरा रंग काढून दाखवा."

"म्हणजे?"

"तुम्ही रोज दुधाचे भाग करता ना? मग पांढरा भाग कुठला? फॅट पिवळं. पाणी बिनरंगी. साखर विरघळलेली, तिचाही रंग नाही. दही झाल्यावर वरचं पाणी निघतं ते हिरवट. तुमच्या नळीत तर सगळं चॉकलेटी होतं. मग पांढरं काय असतं दुधात?"

मला उत्तर येत होतं. मी फाडकन म्हटलं, "सर, ते बारीक कण पाण्यात तरंगतात, त्यांच्यावर उजेड पडून विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. म्हणजे शेवटी काय, तर कण आणि उजेड."

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "पण तो पांढरेपणा एकट्या कणात होता का? नव्हता. उजेडात तरी होता का? नव्हता. सगळे एका ठिकाणी, एका पद्धतीने जमले तेव्हा उगवला. तुम्ही तुकडे केलेत की गेला. आणि मग तुम्ही म्हणता, तुकड्यांत कुठे दिसत नाही, म्हणजे नव्हताच."

"नव्हता असं कुठे म्हटलं? त्याचं कारण सांगितलं."

"कारण सांगणं वेगळं. 'त्याहून जास्त काही नाही' म्हणणं वेगळं. तुमचं ते 'शेवटी काय' फार घाईत येतं, बाई."

बाकीचे हसले. मी नाक मुरडलं. रिकामपणाचे उद्योग आहेत झालं, असं मनात म्हटलं आणि नळ्या धुवायला गेले.

त्याच वर्षी मला दिवस गेले. सासू गावाहून, मालवणच्या बाजूच्या एका खेड्यातून, बाळंतपणाला आली. सासरे गिरणीत होते, ते आमच्या लग्नाआधीच गेले. गावी मोठे चुलते घर सांभाळायचे. सासू मुंबईला अशी राहायला पहिल्यांदाच आली होती. बोलायला कमी, कामाला वाघ. उन्हाळ्यात मुलगा झाला. चांगला वजनदार. सगळं कसं व्यवस्थित.

बारसं व्हायच्या आत तो गेला. दूध ओढेनासा झाला, अंग तापलं, दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी धावपळ केली, रक्तात जंतुदोष आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हता. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. नवरा आणि चाळीतले दोघे जण कापडात गुंडाळून घेऊन गेले. मी खोलीत बसून होते. चाळीत कोणाकडे तरी रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला. मग बराच वेळ सार्वजनिक नळावर कळशीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत राहिला. मला आठवतं ते एवढंच.

मला काही वाटत नव्हतं. लोकांना वाटतं, दुःख आतमध्ये दाबलेलं असतं आणि वरून माणूस गप्प असतो. माझ्या आतमध्येही काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ दुसऱ्या कोणाचा तरी लागतो ना, तसं सगळ्या अंगाला झालं होतं. मी जेवत होते. केस विंचरत होते. शेजारणी यायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या, मी त्यांना चहा करून द्यायचे. त्यांना ते आवडलं नाही. दगडाच्या काळजाची आहे, असं जिन्यात बोललेलं माझ्या कानावर आलं.

दूध मात्र येत राहिलं. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. सासूने पंचा घट्ट आवळून बांधला, मोगऱ्याची फुलं वाटून लेप लावला. तरी ब्लाउज भिजायचा. सासू लेप लावताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "बारसा झाला नाय, नाव ठेवला नाय. मगे झालाच नाय असा समज, गो. तशा पोरांचा काय धरून बसाचा नसता."

मला ते पटलं. तिचं म्हणणं जुन्या बायकांचं होतं, माझं बीएस्सीचं, पण दोघी एकाच ठिकाणी पोचलो होतो. काय होतं ते मूल? थोडं वजन. काही रिफ्लेक्स. गालाला बोट लागलं की तोंड वळवणं हा रिफ्लेक्स. मुठीत बोट धरणं हाही रिफ्लेक्स. झोपेत हसणं म्हणजे पोटातला वायू. अजून कोणी झालंच नव्हतं, मग गेलं कोण? हे मी मनात पुन्हा पुन्हा मांडायचे आणि प्रत्येक वेळी ते बरोबर यायचं. त्या दिवसांत मला उभं ठेवलं ते या हिशेबाने.

नवऱ्याला मात्र ते चालत नव्हतं. जन्मापासून बाराव्या, म्हणजे बारशाच्या दिवशी तो कामावरून लवकर आला, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"आपण त्याचं नाव ठेवू या," तो म्हणाला. "कोणाला बोलवायचं नाही. तू, मी नि आई. माझ्या मनात एक नाव आहे."

"कोणाचं नाव?"

"असं काय बोलतेस? त्याचं."

"तो कोण होता की त्याला नाव ठेवायचं?" मी म्हटलं. "आठवडाभराचं मूल होतं. त्याला स्वतःचे हात कोणाचे ते माहीत नव्हतं."

"मला ओळखायचा तो. माझा आवाज आला की पाय हलवणं थांबवायचा."

"आवाज झाला की सगळीच पोरं थांबतात, अहो. तो रिफ्लेक्स असतो. पुस्तकात आहे."

तो म्हणाला, "तुझ्या त्या पुस्तकात मी आहे का? का मीपण नाही?" आणि उठून बाहेर गेला. नाव ठेवलं गेलं नाही. त्याच्या मनात कुठलं नाव होतं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर आम्ही एकमेकांशी भाजी काय आणायची आणि रॉकेल संपलंय का, एवढंच बोलायला लागलो. त्याला त्याचं मूल हवं होतं आणि मी म्हणत होते की ते नव्हतंच. एका खोलीत राहणाऱ्या दोन माणसांना एवढा वाद पुरतो.

महिनाभरात मी कामावर हजर झाले. रजा बाकी होती, पण घरी बसून करायचं काय? तेव्हा लॅबच्या माणसांना पाळीपाळीने गोठ्यांवर जाऊन दुधाचे नमुने आणावे लागत. आरेमध्ये म्हशींचे गोठे होते, एकेकाला युनिट म्हणायचे. तिथले भय्ये वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले, त्यांचं मराठी आमच्या हिंदीइतकंच धेडगुजरी. माझी पाळी आली तेव्हा मी बाटल्या घेऊन गेले.

कडेला एक म्हैस होती. तिचं रेडकू तीन-चार दिवसांपूर्वी मेलं होतं. म्हैस पान्हा सोडत नव्हती. दूध काढणाऱ्या भय्याने मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, मीठ लावून, आत पेंढा भरून ते शिवलं होतं. पाय म्हणून बांबूच्या चार काठ्या. डोळ्यांच्या जागी शिवण. ते त्याने म्हशीच्या तोंडापुढे आणून ठेवलं. म्हशीने हुंगलं. मग मान खाली घालून चाटायला लागली, पाठीवरून, मानेवरून, जिथे कान होते तिथून. भय्या बादली घेऊन बसला. धार लागली.

गोठ्यांवर हे सगळीकडे करत. मी ते ऐकलेलं होतं, पाहिलं नव्हतं. तिथे उभी राहून मी मनात म्हटलं, हे बघ. कातडं, वास आणि मीठ. आई व्हायला एवढंच लागतं. साहेबांना आणून दाखवायला हवं, कुठे उगवलंय काय ते. माझा सगळा युक्तिवाद चार काठ्यांवर उभा होता. आणि तेवढ्यात मला कळलं की माझा ब्लाउज भिजलाय. महिना झाला होता, दूध आटल्याला बरेच दिवस झाले होते. मला रडू आलं नाही, वाईटसुद्धा वाटलं नाही. फक्त राग आला, इतका की हातातली बाटली फेकावीशी वाटली. पेंढ्याच्या बाहुल्याला बघून म्हशीने सोडावं तसं मी सोडलं होतं. आणि मी तर त्याला चाटलंही नव्हतं.

मी भय्याला विचारलं, "किती दिवस चालतं हे?"

"आठ दिन, पंधरा दिन. मग लात मारते."

"म्हणजे तिला कळतं?"

"भगवान जाने, बाई. लात मारते एवढा माहीत हाय."

मी पदर पुढे ओढून घेतला आणि परत आले. नमुने टेबलावर ठेवले. लॅबमध्ये साहेब एकटेच होते. मी कामावर आल्यापासून त्यांनी एकही कोडं घातलं नव्हतं. माझ्याशी बोलताना ते नळ्यांकडे बघून बोलायचे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, ते तुमचं उगवणं. किती जमल्यावर उगवतं? आठवडाभरात उगवतं का?"

त्यांना कळलं मी काय विचारतेय. त्यांनी तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं, चूळ भरली आणि परत येऊन बसले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "हे उगवतं एवढं दिसतं. कधी, किती जमल्यावर, ते मला सांगता येत नाही. कोणाला येत असेल असं वाटत नाही."

"मग एवढे दिवस कशाला बोलत होता?"

"चहा पिताना बोलायला बरं वाटायचं," ते म्हणाले. मग समोरची नळी बाजूला ठेवून म्हणाले, "पण बाई, मूल तपासताना तुम्ही एकट्या मुलाचेच भाग करताय. ते एकटं कुठे होतं? पांढरेपणा जसा कण आणि उजेड यांच्या मध्ये, तसं हे तुमच्यामध्ये नि त्याच्यामध्ये कुठे तरी झालं असेल. नसेलही. मला माहीत नाही."

मला वाटलं होतं ते वाद घालतील आणि मी जिंकेन. तेवढंही त्यांनी केलं नाही. मी ॲप्रन चढवलं आणि फॅट काढायला बसले. त्या दिवशीचं सगळं दूध पास झालं.

पाऊसपाणी झालं. गणपती आले, गेले. सासू अजून आमच्याकडेच होती. भाद्रपदात ती म्हणाली की यंदा सासऱ्यांचा म्हाळ आपण इथेच करू. म्हाळ म्हणजे पितृपंधरवड्यातलं गेलेल्या माणसांचं जेवण. दरवर्षी तो गावी व्हायचा, चुलते करायचे. नवऱ्याला कधी जायला मिळालं नव्हतं, कारण गणपतीला रजा घेतली की म्हाळाला कोण देतो? लहानपणी पाहिला असेल तेवढाच. मी तर पहिल्यांदाच बघत होते.

वडे तळले, काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं, भोपळ्याची भाजी, खीर. नवऱ्याने सासऱ्यांचं पान मांडलं, त्यांच्या आईवडिलांची मांडली, पाणी सोडलं, कावळ्याचं पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. पाच-दहा मिनिटांत कावळा आला. नवरा हात जोडून उभा होता, त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मी आत भांडी आवरायला गेले.

सासू मोरीशेजारी, दाराच्या मागे खाली बसली होती. तिच्यासमोर केळीच्या पानाचे तळहाताएवढे तीन तुकडे होते. तिने त्यांवर वडे वाढले नव्हते, सांबारं वाढलं नव्हतं. वाटीत भात घेऊन ती तो दुधात बोटांनी कुस्करत होती. अगदी मऊ होईपर्यंत.

"आई, हे कोणाचं?" मी विचारलं.

"पोरांचा."

"कुठल्या पोरांचं?"

"माझ्या. ह्याच्या आदीची." तिने मानेने बाहेर, माझ्या नवऱ्याकडे खूण केली. "तीन होती. एक चार म्हयन्यांचा, दोन बारश्याच्या आदी गेली."

मी पहिलाच, असं नवऱ्याने मला सांगितलं होतं. त्यालाही तसंच वाटत होतं. गावच्या घरात पुरुष ओसरीवर जेवायचे, आतल्या दाराच्या मागे काय मांडलं जातं ते बघायला कोण जातं? इतकी वर्षं ही बाई दर भाद्रपदात तीन तुकडे मांडत आली होती आणि मला म्हणाली होती, झालाच नाय असा समज.

मला तिचा संताप आला. मी तिच्यासमोर बसले. "तुम्हीच म्हणालात ना, धरून बसायचं नसतं? नाव नाही म्हणजे झालंच नाही?"

"म्हणाचा लागता," ती म्हणाली. "माझ्या सासूनपण माका तसाच सांगल्यान. नायतर दुसऱ्या दिवशी उठून पाणी कोण भरतला?"

"मग नाव नसताना पान कोणाच्या नावाने मांडता?"

"नाव माणसांका लागता. पानाक कित्याक?" ती भात कुस्करतच होती. "मी मांडतंय, तेंका कळता."

"आणि दूधभात का?"

ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "अगो, तेंका दात खय होते?"

बाहेर नवरा शेजाऱ्यांना जेवायला हाका मारत होता. सासूने केळीचं पान ओढलं, नखाने आणखी एक तुकडा फाडला आणि तो हातात धरून थांबली. "तुझ्या झिलाचा मांडू?"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तिने तो तुकडा चौथा म्हणून ओळीत ठेवला आणि दूधभाताची मूठ उचलली. मूठ मोठी होती.

"एवढं नको," मी म्हटलं. "त्याला थोडंच वाढा. तो पिता पिता झोपायचा."